लोमनचे घर कोणाचे?

व्यापारी घरातील बाप-लेकाचे नाते दुहेरी विणीचे असते. घरात ते वडील आणि मुलगा असतात, पेढीवर मालक आणि वारस. दोन्ही नाती एकाच छताखाली नांदत असल्याने एकातली कुरबूर दुसऱ्यात सहज उतरते. मुलगा गादीवर बसत नाही म्हणून रुसलेला बाप, आणि बापाला आपण कधी उमगलोच नाही म्हणून दुरावलेला मुलगा, ही जोडी कोणत्याही बाजारपेठेला नवी नाही. या दुराव्यावर विसाव्या शतकात जी नाटके लिहिली गेली, त्यांतील बहुधा सर्वांत गाजलेल्या नाटकाचा नायक हा एक फिरतीचा विक्रेता आहे. आर्थर मिलर यांचे ‘डेथ ऑफ ए सेल्समन’ १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरात प्रथम रंगमंचावर आले. त्याचे तेथे सलग ७४२ प्रयोग झाले आणि पुलित्झर तसेच टोनी हे दोन्ही मानाचे पुरस्कार त्याला लाभले.

पाऊणशे वर्षे उलटली तरी हे नाटक शिळे झालेले नाही. उलट अलीकडे त्याच्याभोवती एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. नाटकातील लोमन कुटुंब कोणाचे? ज्या समाजात ते जन्मले त्याचेच, की जो कोणी त्यात स्वतःचे घर पाहील त्या प्रत्येकाचे? गौरवर्णीय कुटुंबासाठी लिहिलेल्या भूमिका कृष्णवर्णीय नटांनी कराव्यात काय? प्रश्न वरवर नटनिवडीचा दिसतो. त्याच्या तळाशी मात्र अधिक मोठा प्रश्न आहे. ज्याचे दुःख साऱ्या मानवजातीचे दुःख मानले जाते, तो बाप होण्याचा मान कोणाला मिळतो?

एका विक्रेत्याचे घर

नाटकाची कथा थोडक्यात अशी. विली लोमन हा त्रेसष्ट वर्षांचा विक्रेता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याचे छोटे घर आहे आणि न्यू इंग्लंड प्रांतात मोटारीने फिरून माल विकण्यात त्याची तीन तपांच्या आसपास चाकरी झाली आहे. आता शरीर थकले, जुने ग्राहक वारले किंवा निवृत्त झाले. कंपनीने पगार बंद करून त्याला केवळ कमिशनवर ठेवले आहे. दर आठवड्याला तो शेजारी चार्लीकडून पन्नास डॉलर उसने घेतो आणि पत्नी लिंडाला तो आपला पगार म्हणून दाखवतो. लिंडाला हे ठाऊक आहे. ती बोलत नाही.

थोरला मुलगा बिफ चौतिसाव्या वर्षीही स्थिरावलेला नाही. शाळेत तो फुटबॉलचा नामांकित खेळाडू होता. मुलगा केवळ लोकप्रियतेच्या बळावर जग जिंकणार, अशी विलीची श्रद्धा होती. माणूस सर्वांना आवडला की धंदा आपोआप चालतो, हेच त्याने मुलांच्या मनावर बिंबवले. अभ्यासाकडे त्याने काणाडोळा केला, लहानसहान चोऱ्या हसून सोडून दिल्या. पुढे बिफ गणितात नापास झाला. वडिलांनी शिक्षकांशी बोलावे म्हणून तो बोस्टनच्या हॉटेलात त्यांना भेटायला गेला, तेव्हा तेथे त्याला एक परकी स्त्री आढळली. त्या रात्रीपासून बाप आणि लेक यांच्यातील विश्वास संपला. घरी आई फाटके मोजे शिवून वापरीत असताना वडिलांनी नवे मोजे त्या स्त्रीला भेट दिले, ही गोष्ट मुलाच्या काळजात रुतून बसली.

दोघेही या प्रसंगाचा उच्चार कधी करीत नाहीत. मुलगा का बिघडला, हे बाप जगाला विचारत राहतो. त्याचे उत्तर त्याच्याच जवळ असते. भांडणे होतात ती दुसऱ्याच विषयांवरून: नोकरीवरून, पैशावरून, बोलण्याच्या पद्धतीवरून. घराघरांतील दुरावे बहुतांशी असेच असतात. ज्या गोष्टीवर वाद चालतो ती खरे कारण नसते, आणि जे खरे कारण असते त्यावर कोणी बोलत नाही.

नाटकातली खतावणी

मिलर यांच्या नाटकाचे एक वैशिष्ट्य व्यापारी वाचकाच्या चटकन ध्यानात येईल. त्यात हिशोब आहे आणि तो मोघम नाही. एका प्रवेशात विली फिरतीवरून परततो आणि मोठ्या विक्रीच्या बढाया मारतो. लिंडा पेन्सिल घेऊन कमिशन काढू लागते तसतसा आकडा खाली येतो आणि अखेर हाती सत्तर डॉलर व काही सेंट उरतात. मग देण्यांची यादी निघते. शीतकपाटाचे सोळा डॉलर, कपडे धुण्याच्या यंत्राचे नऊ डॉलर साठ सेंट, झाडण्याच्या यंत्राचे साडेतीन डॉलर, छपराच्या दुरुस्तीचे एकवीस डॉलर. त्यात मोटारदुरुस्तीची उधारी. पंधरा तारखेपर्यंत एकूण देणे एकशे वीस डॉलरच्या घरात. जमा सत्तर, नावे एकशे वीस. सारी शोकांतिका या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात मावते.

त्याहून मोठे खाते घराच्या कर्जाचे. पंचवीस वर्षे हप्ते भरून ते आता फिटत आले आहे. ज्या तरुण मालकाला विलीने लहानपणापासून पाहिले, तो हॉवर्ड त्याला कामावरून काढून टाकतो. विली आधी आठवड्याला पासष्ट डॉलर मागतो, मग पन्नास, मग चाळीस. प्रत्येक वेळी आकडा उतरतो आणि त्याबरोबर माणूसही उतरत जातो. शेवटी त्याला वाटू लागते की आपल्या जिवंतपणापेक्षा आपल्या मरणाची किंमत अधिक आहे. वीस हजार डॉलरचा विमा मुलाला भांडवल म्हणून मिळेल, या समजुतीने तो मोटार वेगाने हाकतो आणि जीव देतो.

हा विमा कुटुंबाला मिळतो की नाही, हे नाटक सांगत नाही. परंतु पूर्वीचे मोटारअपघात हेतुतः घडवले होते, असा संशय विमा कंपनीच्या निरीक्षकाला आधीच आलेला आहे, हे लिंडाच्या तोंडून आपण ऐकलेले असते. म्हणजे ज्या एकमेव ठेवीवर बापाने मुलाचे भविष्य उभारले, तीही कदाचित बुडीत निघणार. आणि ज्या दिवशी त्याला मातीत ठेवले त्याच दिवशी लिंडाने घराचा शेवटचा हप्ता भरलेला असतो. घर मोकळे झाले, राहणारा गेला.

याउलट शेजारचे खाते पाहण्याजोगे आहे. चार्लीने आपल्या मुलाला कोणतेही स्वप्न दिले नाही, उपदेशही केला नाही. त्याचा बर्नार्ड मन लावून शिकला, वकील झाला आणि आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दावा चालवायला निघाला आहे. तरीही तो त्याविषयी स्वतःहून चकार शब्द काढत नाही. विलीला या न बोलण्याचेच सर्वांत मोठे नवल वाटते.

लोमन कोणत्या समाजाचे?

मिलर यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील इसिडोर हे लहानपणी युरोपातून आलेले यहुदी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी स्त्रियांचे कोट बनवण्याचा त्यांचा कारखाना भरभराटीस आला होता. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत तो उद्योग बसला आणि कुटुंबाला मॅनहॅटनमधील सुखवस्तू घर सोडून ब्रुकलिनमध्ये यावे लागले. कर्तबगार बाप मुलाच्या डोळ्यांदेखत खचत जाताना पाहणे म्हणजे काय, हे मिलर यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. विली लोमनचा नमुना त्यांना मॅनी न्यूमन या विक्रेता असलेल्या नातलगाच्या रूपाने घरातच भेटला होता.

तरीही नाटकात लोमन कुटुंबाचा धर्म, पंथ वा मूळ गाव कोठेही येत नाही. ते केवळ ‘अमेरिकन’ आहेत. पुढे जोसेफ बुलॉफ या नटाने त्याचे यिद्दिश भाषांतर केले आणि १९५१ साली ब्रुकलिनमध्ये त्याचे प्रयोग झाले. तेव्हा एका समीक्षकाने लिहिले की हे भाषांतर पाहताना मूळ नाटक पाहिल्यासारखे वाटते. इंग्रजी संहिता हेच जणू त्याचे भाषांतर. समीक्षकाच्या मते घराची बोली पुसून टाकल्यामुळे मूळ नाटकात काहीतरी हरवले होते. या मताशी सर्वांनी सहमत होण्याचे कारण नाही. परंतु त्यातून एक गोष्ट लक्षात येते. ‘सर्वांचे’ म्हणून सादर केलेले कुटुंबही कोणत्यातरी एका समाजाचे असतेच. फरक इतकाच की, बहुसंख्याकांची रीत ही रीत म्हणून दिसत नाही, ती ‘सामान्य’ म्हणून दिसते.

बदलते चेहरे

संहिता आणि नट यांची तडजोड या नाटकात पहिल्या दिवसापासून झाली. मिलर यांच्या मनातला विली ठेंगणा, किरकोळ बांध्याचा होता. पहिल्या प्रयोगात ही भूमिका ली जे. कॉब या धिप्पाड नटाकडे गेली, तेव्हा त्याच्या देहयष्टीवरील टोमण्याचा शब्द बदलण्यात आला. १९८४ साली ठेंगणे डस्टिन हॉफमन विली झाले आणि जुना शब्द परत आला. १९७२ साली बाल्टिमोर येथे संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचात नाटक झाले. १९७५ साली जॉर्ज सी. स्कॉट यांनी स्वतः विलीची भूमिका करताना चार्ली व बर्नार्ड या शेजाऱ्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांना दिल्या. एवढ्या एका बदलाने विलीच्या अहंकाराला वेगळीच धार आली. चार्ली त्याला नोकरी देऊ करतो आणि तो ती नाकारतो, तेव्हा प्रेक्षकाला वाटू लागते की यात शेजाऱ्याविषयीच्या मत्सरापलीकडचेही काही दडले आहे.

सर्वांत धाडसी प्रयोग १९८३ साली बीजिंगमध्ये झाला. बीजिंग जनकला रंगमंडळाचे नट यिंग रुओचेंग यांनी नाटकाचे चिनी भाषांतर केले आणि विलीची भूमिकाही केली. दिग्दर्शनासाठी खुद्द मिलर तेथे जाऊन राहिले. परदेशी नाटक करताना पांढुरका रंग आणि सोनेरी टोप वापरण्याची तेथे प्रथा होती. मिलर यांनी ती मोडली. अमेरिकनांची नक्कल करू नका, चिनी माणसे म्हणूनच वावरा, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळच्या चीनमध्ये फिरतीचा विक्रेता आणि आयुर्विमा या दोन्ही गोष्टी लोकांच्या नित्य परिचयाच्या नव्हत्या. तरीही प्रेक्षक बांधले गेले. मुलगा ड्रॅगन व्हावा, म्हणजे थोर पदाला पोहोचावा, अशा अर्थाची म्हण ज्या भाषेत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, तेथे बिफचा बाप परका कसा वाटावा?

हिंदीत फिरोज अब्बास खान यांनी ‘सेल्समन रामलाल’ या नावाने हे नाटक भारतीय घरात आणले आणि सतीश कौशिक यांनी त्यातील बाप साकारला. इराणी दिग्दर्शक असगर फरहादी यांच्या २०१६ सालच्या ‘द सेल्समन’ या चित्रपटात तेहरानमधील एक नाटकमंडळी हेच नाटक बसवीत असते. भाषा, पोशाख, चलन सारे बदलले तरी बाप-लेकातले अवघडलेपण तसेच राहते.

कृष्णवर्णीय लोमन आणि गहाणखत

२०१९ साली लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात मेरियन इलियट व मिरांडा क्रॉमवेल यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक आले. त्यात लोमन कुटुंब कृष्णवर्णीय होते. वेंडेल पिअर्स विली आणि शॅरन डी. क्लार्क लिंडा झाल्या. मालक हॉवर्ड आणि शेजारी चार्ली गौरवर्णीयच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये हाच प्रयोग न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरात आला. ब्रॉडवेवरील व्यावसायिक रंगभूमीवर कृष्णवर्णीय लोमन कुटुंब येण्यासाठी ७३ वर्षे जावी लागली.

मूळ वाक्ये तीच, पण त्यांचे वजन बदलले. छत्तीस वर्षांचा हॉवर्ड त्रेसष्ट वर्षांच्या विलीला ‘पोरा’ अशा अर्थाने हाक मारतो. गौरवर्णीय विलीच्या बाबतीत तो केवळ उद्धटपणा होता. कृष्णवर्णीय विलीला तीच हाक ऐकू येते तेव्हा तिच्यामागे गुलामगिरीच्या काळापासूनचा अपमान उभा राहतो. सर्वांना आवडायचे, हा विलीचा ध्यासही निराळा भासू लागतो. जेथे परक्या गावच्या दुकानदाराने दारातूनच परत पाठवावे अशी स्थिती होती, तेथे ‘आवडणे’ ही हौस नसते, ती पोटाची गरज असते.

बँकव्यवहार जाणणाऱ्यास सर्वांत अधिक जाणवेल ते गहाणखत. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे तयार केले आणि कर्ज देण्यास धोक्याच्या मानलेल्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सर्रास त्या लाल रंगात गेल्या. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाला हमी देण्याचे जे नियम केले, तेही याच दृष्टीचे होते. घर कृष्णवर्णीयास विकू नये, अशा अटी खरेदीखतांतच लिहिलेल्या असत. त्या न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. मिलर यांनी हे नाटक त्याच वर्षी लिहिले. घरांच्या बाबतीत वर्णभेदास बंदी घालणारा कायदा होण्यास १९६८ उजाडले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे कृष्णवर्णीय विलीने पंचवीस वर्षांचे कर्ज फेडणे ही सामान्य घटना राहत नाही. त्याला कर्ज मिळाले हेच नवल, आणि हप्ता न चुकवता ते फिटले हा पराक्रम. लिंडाने भरलेला शेवटचा हप्ता या प्रयोगात दुप्पट जड होतो.

मात्र येथेच एक अडचणही उभी राहते. बिफला व्हर्जिनिया विद्यापीठाचे बोलावणे आलेले असते आणि बापाची सारी आशा त्यावर असते. ते विद्यापीठ त्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेशच देत नसे. तेथे पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी शिरला तो १९५० साली, न्यायालयाच्या आदेशाने. म्हणजे नटांचा वर्ण बदलला की कथेतील जग जागोजागी अडखळू लागते. मिलर यांनी जी माणसे लिहिली त्यांच्या अंगावर या वर्णाचा इतिहास नव्हता. तो बाहेरून चढवलेला आहे.

ऑगस्ट विल्सन यांचा आक्षेप

नेमक्या याच मुद्द्यावर अमेरिकेचे थोर कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी जून १९९६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात भरलेल्या राष्ट्रीय नाट्यपरिषदेत कडक भाषण केले. गौरवर्णीयांच्या जीवनावर बेतलेल्या नाटकांत कृष्णवर्णीय नट घालणे म्हणजे त्या नटांचा स्वतःचा इतिहास नाकारणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी उदाहरण दिले तेही ‘डेथ ऑफ ए सेल्समन’चेच. परक्याच्या घरात जागा देण्यापेक्षा आमचे घर आम्हाला बांधू द्या, आमच्या नाटककारांना आणि नाट्यगृहांना आधार द्या, असा त्यांचा रोख होता. त्यांनी एक आकडाही मांडला. देशातील प्रादेशिक नाट्यगृहांच्या संघात त्या वेळी ६६ संस्था होत्या, त्यांतील कृष्णवर्णीयांची केवळ एक. समीक्षक व दिग्दर्शक रॉबर्ट ब्रुस्टिन यांनी त्यांना विरोध केला. कलेला वर्णाच्या भिंती घालू नयेत आणि विल्सन यांची भूमिका फुटीरपणाची आहे, असे त्यांनी लिहिले. २७ जानेवारी १९९७ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला.

विल्सन यांनी नुसता आक्षेप घेतला नव्हता, पर्यायही उभा केला होता. त्यांचे ‘फेन्सेस’, म्हणजे ‘कुंपणे’, हे नाटक १९८७ साली ब्रॉडवेवर आले. जेम्स अर्ल जोन्स यांनी त्यात बापाची भूमिका केली आणि नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. विषय तोच, बाप-लेकाचा दुरावा. काळ १९५७, स्थळ पिट्सबर्ग. ट्रॉय मॅक्सन हा कचरा वाहणारा कामगार एके काळी कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांतून बेसबॉल खेळणारा उत्तम खेळाडू होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन यांनी मुख्य संघांचे दार उघडले तेव्हा ट्रॉयची चाळिशी उलटून गेली होती. आता त्याच्या कोरी या मुलाला फुटबॉलच्या बळावर महाविद्यालयात जाण्याची संधी येते आणि बापच ती मोडतो. गोरे लोक तुला पुढे जाऊ देणार नाहीत, हातात हुन्नर असू दे, असे तो बजावतो. मुलगा विचारतो की मी तुम्हाला कधी आवडलो का नाही. बाप उत्तर देतो ते कर्तव्याच्या भाषेत. अन्न, वस्त्र, निवारा देणे हे माझे देणे आहे, तू आवडलाच पाहिजेस असा कोठे करार झालेला नाही, अशा आशयाचे.

दोन्ही नाटके शेजारी ठेवली की हिशोबही जुळतो. विलीच्या हाती सत्तर डॉलर आणि काही सेंट. ट्रॉय शुक्रवारी पत्नीच्या हातावर ठेवतो ते शहात्तर डॉलर बेचाळीस सेंट. दोघांनाही छपराच्या खर्चाची काळजी आहे. तरीही दोन बाप एकमेकांचे उलटे प्रतिबिंब आहेत. विली मुलाला खोट्या आशेवर वाढवतो, ट्रॉय खरी आशाही खुडून टाकतो. विलीला वाटते की जग आपल्याला दार उघडणारच. ट्रॉयने ते दार तोंडावर आपटलेले पाहिले आहे. हा फरक स्वभावाचा जितका आहे तितकाच इतिहासाचा आहे. गौरवर्णीय विलीला जगावर भोळा विश्वास ठेवणे परवडले, ट्रॉयला ते परवडणारे नव्हते. कृष्णवर्णीय बापाचे दुःख खरोखर दाखवायचे तर ते त्याच्या मातीतून उगवावे लागते, हा विल्सन यांचा मुद्दा येथे स्वतःच सिद्ध होतो.

विल्सन यांच्या आग्रहाची किंमतही मोठी होती. ‘फेन्सेस’वरील चित्रपट कृष्णवर्णीय दिग्दर्शकानेच करावा, अशी मागणी त्यांनी १९९० साली जाहीरपणे केली. चित्रपट आला तो २०१६ मध्ये, डेन्झेल वॉशिंग्टन यांच्या दिग्दर्शनाखाली. तो पाहण्यास विल्सन हयात नव्हते; २००५ साली त्यांचे निधन झाले होते. त्यांचे स्वतःचे जीवनही दुराव्याचेच होते. जर्मन वंशाचे वडील घरात फारसे नसत. पुढे मुलाने वडिलांचे नाव सोडून आईचे आडनाव लावले.

दोन्ही बाजूंची जमा-नावे

मग कौल कोणाच्या बाजूने द्यावा? विल्सन म्हणतात त्याप्रमाणे उसन्या भूमिका देऊन प्रतिनिधित्वाचे कर्ज फिटत नाही. एखाद्या समाजाला दुसऱ्याच्या नाटकात चार जागा दिल्या आणि त्याची स्वतःची नाटके मात्र धूळ खात पडली, तर तो व्यवहार तोट्याचाच. ज्यांची कथा आहे त्यांच्या हाती लेखणी, दिग्दर्शन आणि तिकीटबारी हवी.

परंतु बीजिंग, लंडन व मुंबई येथील प्रयोगांनी दुसरी बाजूही दाखवली आहे. उत्तम नाटक नव्या कुटुंबाच्या हाती गेले की ते जुन्या प्रेक्षकालाही काहीतरी नवे देते. गृहकर्जाचा तो शेवटचा हप्ता ७० वर्षे सर्वांनी ऐकला होता. त्यामागे किती जणांना कर्जच नाकारले गेले, याची आठवण कृष्णवर्णीय लोमन कुटुंबाने करून दिली. बीजिंगमध्ये मिलर यांनी नटांना टोप उतरवायला लावला, त्यातच याचे मर्म आहे. नटाने आपले मूळ झाकून परके घर वापरले तर ती नक्कल ठरते. स्वतःचा इतिहास घेऊन तो आत शिरला तर घर मोठे होते. मराठी रंगभूमीवरही वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात प्रेक्षकांनी राजघराण्यातील बाप-लेकाच्या दुराव्यात आपापले घर पाहिले होते. ते नाटक सर्वांचे झाले, कारण ते आधी पूर्णपणे एका घराचे होते.

व्यापारी कुटुंबांना या चर्चेतून घेण्याजोगे आणखी एक आहे. नाटकाच्या अखेरीस बिफ बापासमोर रडतो, आपण सामान्य माणूस आहोत हे कबूल करतो आणि खोटी स्वप्ने जाळून टाकण्याची विनवणी करतो. विलीला त्या अश्रूंतून एवढेच कळते की मुलाचे आपल्यावर प्रेम आहे. पण मुलगा काय म्हणतो आहे ते त्याच्या कानी पोहोचत नाही. त्या आनंदातच तो मुलासाठी भांडवल उभे करायला मृत्यूकडे निघतो. मुलाला भांडवल नको होते, मोकळीक हवी होती. ट्रॉयच्या घरीही तेच. त्याने मुलाला पोटभर अन्न दिले, डोक्यावर छप्पर दिले. मुलाने मागितले होते त्याहून वेगळे काहीतरी. १९६५ साली ट्रॉय वारतो तेव्हा सैन्यात गेलेला कोरी अंत्यविधीला जाण्यास नकार देतो. आई त्याला समजावते की वडिलांचा राग धरून तू मोठा होणार नाहीस. मग तो धाकट्या बहिणीसह वडिलांचे आवडते गाणे म्हणतो. समेट होतो, पण तो बाप गेल्यानंतर.

दोन वर्ण, दोन शहरे, दोन निराळे बाप. दोघांनीही मुलाला आपल्या परीने वारसा दिला आणि दोघांनीही त्याला काय हवे आहे हे विचारले नाही. दुकान, पेढी, ठेवी, घर यांची नोंद खतावणीत होते आणि ती वारसाकडे जाते. जे विचारायचे राहून गेले त्याची नोंद कोठेच होत नाही, तरी तेही वारशातच जाते. कोणत्याही समाजाच्या, कोणत्याही वर्णाच्या घरात हे देणे बाप हयात असेपर्यंतच फेडता येते.